आठ फणांतले चार

धाकटीची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, त्या वर्षीची ही गोष्ट. त्याच वर्षाच्या सुरुवातीला धाकटीचा नवरा गेला होता. म्हणजे घरातलं एक माणूस कमी झालं होतं, एक यायचं होतं, आणि दोहोंच्या मध्ये गव्हाची पेरणी उभी होती.

धाकटी म्हणजे दोन भावांतल्या धाकट्याची बायको. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं काटकुळी, जिभेनं तिखट. तिचे थोरले दीर आणि जाऊ शेजारच्याच घरात राहत. घर मुळात एकच, मध्ये भिंत घातल्यानं दोन झालेलं. भिंत घातली त्या दिवसापासून थोरले या घराशी सरळ बोलत नसत. समोर धाकटी उभी असली तरी बायकोकडे तोंड करून म्हणत, "तिला सांग." धाकटीही मग म्हणे, "अक्का, भाऊजींना सांगा." अक्का मधे उभी राहून काहीच सांगत नसे. ज्यानं ऐकायचं त्यानं ऐकलेलं असे.

पेरणीला महिना राहिला तेव्हा थोरले तिच्या दारात आले. बरोबर अक्का होतीच.

"तिला सांग, शेत आता मी कसतो. ट्रॅक्टर माझा, पेरणीचं यंत्र माझं. वर्षाचा गहू घरपोच मिळेल. तिनं लेकीकडे बघावं."

माणूस वाईट नव्हता. खरंच त्यांना वाटत होतं की हिला झेपायचं नाही. पण धाकटीला पक्कं ठाऊक होतं, शेत एकदा दुसऱ्याच्या हातात गेलं की आपण बांधावर उभं राहून बघायचं. गहू घरपोच येतो, शेत परत येत नाही.

"अक्का, भाऊजींना सांगा, शेत मी पेरणार."

"तिला विचार, कशानं? मुठीनं फेकून?"

"घरामागं यंत्र आहे की. बैल आहेत. मी आहे."

थोरले इतके हसले की खोकला लागला. "ते? अगं, त्या यंत्रावर कोंबड्यासुद्धा बसत नाहीत, पाय लाल होतात म्हणून!"

ते खोटं नव्हतं. सासऱ्यांनी घेतलेलं बैलांचं पेरणीयंत्र घरामागं अकरा वर्षं गवतात पडलं होतं. वर बियाण्याची लांब पेटी, पेटीखाली आठ नळ्या, प्रत्येक नळीच्या टोकाला जमिनीत चर पाडणारा फण, दोन बाजूंना दोन चाकं. वाटणी झाली तेव्हा सगळ्याचे दोन भाग झाले. भांडी झाली, बाजा झाल्या, यंत्र अडलं. विकू म्हणावं तर दोघं तयार नाहीत, एकानं घ्यावं तर दुसरा तयार नाही. शेवटी गावातल्या वेल्डरला बोलावून पेटीच्या बरोब्बर मध्यावर वेल्डिंगची एक जाड रेघ मारून घेतली. चार फण थोरल्याचे, चार धाकट्याचे. त्या दिवसानंतर यंत्राला दोघांनीही हात लावला नाही. कारण एकानं तेल घालायचं तर दुसऱ्याच्या फणांना फुकट का घालायचं? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसं ते दोघं भाऊ.

"ठीक," थोरले म्हणाले. हसू ओसरलं होतं. "तिला सांग, जमिनीत ओल आहे तोवर पेरून दाखव. नाही जमलं तर यंत्र भंगारात आणि शेत माझ्याकडे. आणि माझ्या निम्म्याला हात लावायचा नाही. आज रंग लावशील, उद्या म्हणशील यंत्रच माझं. तिच्या नवऱ्यानं बांधावर झाड लावलं नि दोन वर्षांत बांध त्याचा झाला."

"झाड आमचं, पण सावलीला खाट कुणाची असते, ते विचारा."

"मंजूर आहे का विचार."

"मंजूर."

ते गेल्यावर लेक आतून पोट सांभाळत आली. सातवा सरून आठवा लागला होता. "आई, शेत आपलंच आहे. तू पैज कशाला घेतलीस?"

"नाही घेतली तर दर वर्षी येतील. दाताचं दुखणं रोज थोडं थोडं कशाला सोसायचं? एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीनं विळ्यानं गवत कापून यंत्र मोकळं केलं. मग बैल जुंपून ते ओढत अंगणात आणलं. ओढताना यंत्रानं असा आवाज काढला की अक्का भिंतीपलीकडून ओरडली, "कोण मेलं गं?"

"अजून कुणी नाही," धाकटी म्हणाली.

वेल्डर बघायला आला. अकरा वर्षांपूर्वी ती रेघ यानंच मारली होती. सगळे त्याला ठिणगी म्हणत, कारण त्याच्या प्रत्येक सदऱ्याला ठिणग्यांची भोकं असत. त्यानं बोटाच्या पेरानं पेटी वाजवली, नख लावून गंजाचा पापुद्रा काढला.

"पत्रा आतून अजून जिवंत आहे. पण गंज नुसता झाडून भागायचं नाही. लोखंड चकाकेपर्यंत घास. मग तांबडा हात, म्हणजे गंज थोपवणारं अस्तर, मग रंग. उघडं ठेवलंस तर ओल्या मातीत आठ दिवसांत पुन्हा जैसे थे." मग रेघेवरून बोट फिरवत म्हणाला, "माझं काम बघ कसं टिकलंय. बाकी सगळं सडलं, भांडण तेवढं शाबूत."

धाकटीनं तारेचा ब्रश, जाड काचपेपर आणि एक जुना कालथा घेतला आणि रेघेच्या अलीकडे बसली. कालथ्यानं पापुद्रे, ब्रशनं भुगा, काचपेपरनं उरलेले डाग. पहिल्या दिवशी एक हात लांबीची पेटी झाली. तोंडाला फडकं बांधलं होतं तरी थुंकी लाल येत होती. संध्याकाळी चमचा धरवेना. लेकीनं बोटांना तेल चोळलं.

"चार दिवसांनी तुझे हातच रंगवायला लागतील."

"रंगव. पण माझ्या निम्म्यातले."

घासता घासता गंजाखालून जुने रंग निघाले. वरचा हिरवा, त्याखाली राखाडी, सगळ्यात खाली शेंदरी. एका नळीच्या मागे हिरव्या रंगात कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा उमटलेला होता. रुंद, बोथट अंगठा. रंग ओला असताना नवऱ्यानं धरलं असणार. धाकटी त्याच्याकडे थोडा वेळ बघत बसली. मग त्याच्या भोवतीचा गंज काढला, आणि मग ठसाही घासला. गंज त्याच्याखालीही शिरला होता.

सहाव्या दिवशी तिची बाजू लख्ख झाली. आता गंज पुन्हा धरू नये म्हणून तिनं घाईनं डिझेलचा बोळा सगळीकडून फिरवला आणि त्यावरच तांबडा हात मारला. भांडी घासली की पुसायची, या हिशेबानं. रंग बसलाही छान. दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर तापवलेल्या दुधावरच्या सायीसारखा सगळा सुरकुतून हातात आला.

नेमके तेव्हाच थोरले ट्रॅक्टर घेऊन निघाले होते. बायको जवळ नव्हती, म्हणून ते ट्रॅक्टरलाच म्हणाले, "नाचता येईना..."

"अंगण सरळच आहे," धाकटी यंत्राला म्हणाली. "रंगाखाली डिझेल राहिलं होतं."

ठिणगीनं कपाळाला हात लावला. "अगं बाई, तेल लावलेल्या अंगावर मलम बसतं का? टर्पेंटाइननं पूस, कोरडं होऊ दे, मग लाव."

सहा दिवसांचं काम फुकट गेलं असं कुणीही म्हणालं असतं. धाकटीनं साय कालथ्यानं काढली, टर्पेंटाइननं पुसलं, एक दिवस उन्हात वाळवलं, आणि पुन्हा पहिल्यापासून तांबडा हात लावला. तो वाळल्यावर वर निळा. निळा का, तर दुकानात उरलेला एक मोठा डबा निळाच होता. रंगाचा वास लेकीच्या नाकात जाऊ नये म्हणून तिला दाराआड बसवलं होतं. ती तिथून ओरडून सांगे, "तिसऱ्या नळीच्या पोटाखाली राहिलंय!"

रेघेपाशी आल्यावर धाकटीनं कागदाची पट्टी चिकटवली आणि निळ्याची कड अशी सरळ काढली की निम्मं यंत्र दुकानातून आणल्यासारखं आणि निम्मं विहिरीतून काढल्यासारखं दिसायला लागलं. रस्त्यानं जाणारे थांबून बघत. कुणी विचारलं, "हे असं का?" तर ती म्हणे, "बाकीचं माहेरी गेलंय."

रंग वाळला. तिनं निळ्या नळ्यांखाली चार वाट्या मांडल्या, पेटीच्या आपल्या निम्म्यात गहू ओतला आणि निळं चाक उचलून फिरवलं. चाक लोण्यासारखं फिरलं. वाट्यांत एक दाणा पडला नाही.

पुन्हा फिरवलं. काही नाही.

तेव्हा कुठं तिनं वाकून नीट बघितलं. पेटीच्या आत आडवा दांडा होता, त्या दांड्यावरच्या खाचांच्या चकत्या फिरल्या की दाणे नळीत पडत. तो दांडा फिरवणारी साखळी होती उजव्या चाकाला. उजवं चाक रेघेपलीकडे. निळं चाक नुसतं ओझं वाहायला. अन् उजवीकडची साखळीही तुटून तिचे दोन तुकडे गंजून काठीसारखे ताठ झालेले. वाटणीच्या दिवशी सगळ्यांनी फण मोजले होते. यंत्र कशानं चालतं ते कुणी बघितलंच नव्हतं.

थोरल्यांना मात्र ते पहिल्या दिवसापासून ठाऊक असावं. भिंतीपलीकडून त्यांचा खोकला ऐकू आला, तो हसण्याचा होता की कसला, सांगता येत नाही.

"आई," लेक हळूच म्हणाली, "काकांना साखळीचं विचारू या? एवढ्याला नाही म्हणायचे नाहीत."

"हो म्हणतील किंवा नाही म्हणतील. पण मी विचारलं की शेत त्यांच्या मेहेरबानीवर आलं. ओल अजून किती दिवस आहे?"

"आठ. फार तर दहा."

धाकटीनं दांड्याचं आपल्या बाजूचं टोक चाचपलं. ते पेटीबाहेर चार बोटं आलेलं होतं, चौकोनी. ती तडक ठिणगीकडे गेली. त्यानं तिथं बसेल असा एक हात लांब लोखंडी हँडल करून दिला, धरायला लाकडी मूठ लावून.

"फिरवणार कोण?" त्यानं विचारलं.

"मी. यंत्राच्या बाजूनं चालत."

"अख्खं शेत?"

"दुप्पट. चारच फण आहेत ना. जितकं आठ फणांनी एका खेपेत व्हायचं तितकं दोन खेपांत करीन."

ठिणगीनं चष्मा वर करून तिच्याकडे बघितलं. "मग मूठ जरा जाड करतो," एवढंच म्हणाला.

हँडल बसवला तर दांडा हलेना. दांडा अखंड होता, आणि थोरल्याच्या चार चकत्या गंजून जखडल्या होत्या. तिथं हात लावायला बंदी. धाकटीनं थोडा विचार केला, मग चार विटा आणल्या आणि निळी बाजू उचलून विटांवर ठेवली. यंत्र पलीकडे कललं. मग तिनं आपल्या बाजूनं दांड्यावर तेल सोडलं. तेल रांगत रांगत रेघेपलीकडे गेलं. सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं, असं तीन दिवस.

तिसऱ्या दिवशी थोरले बायकोला घेऊन आले. "तिला सांग, तेल माझ्या निम्म्यात आलंय."

"भाऊजींना सांगा, मी माझ्याच हद्दीत ओतलं. तेलाला वाटणीपत्र वाचता येत नाही. नको असेल तर परत पाठवा."

अक्कानं पदर तोंडाला लावून मान फिरवली. थोरले तेलाकडे बघत उभे राहिले, पण तेलाशी काय भांडणार?

संध्याकाळी दांडा कुरकुरत हलला, मग फिरला. तीन वाट्यांत दाणे पडले, चौथीत नाही. त्या नळीत गांधीलमाशीनं मातीचं घर केलं होतं. तारेनं ते काढलं. मग चारही वाट्या सारख्या भरल्या. हँडल किती वेगानं फिरवायचा तेही तिनं काढलं. थोरल्याच्या चाकाचे दात आणि दांड्याचे दात लांबून मोजले, बघायला काही बंदी नव्हती. हिशेब निघाला तो असा: चार पावलं चाललं की एक फेरा. अंगणात रिकाम्या यंत्राशेजारी ती चालून बघे, एक दोन तीन चार, फेरा. एक दोन तीन चार, फेरा. लेक म्हणाली, माझ्या पोटातलं पण आता त्याच तालावर लाथ मारतंय.

उरली एक अडचण. हँडल धाकटीकडे, मग बैलांपुढे कोण? लेकीला शक्य नव्हतं. ठिणगीला धंदा होता. पेरणीच्या दिवशी उजाडताच धाकटी बैल घेऊन निघाली, एकटीनंच कसं तरी निभवायचं म्हणून, तर वेशीपाशी अक्का उभी. डोक्याला फडकं, पायांत नवऱ्याचे जुने बूट.

"अक्का, तुम्ही?"

"मी यंत्राला हात लावत नाही बाई. बैलांना लावते. बैल तुझे अख्खे आहेत ना? का त्यांच्यावरही रेघ मारलीय?"

शेतात गेल्यावर कळलं, थोरल्याचे चार फण खाली आलेले असल्यानं रिकामेच जमीन उकरणार आणि बैलांचा जीव काढणार. ते बिजागरीवर वर उचलून बांधता येत, पण गंजलेले. धाकटी नुसती बघत उभी राहिली. शब्द दिला होता. अक्कानं हातोडी मागून घेतली, चारही बिजागऱ्यांवर दोन दोन घाव घातले, फण वर ढकलले आणि जुन्या चादरीच्या पट्टीनं बांधून टाकले.

बांधावरून आरोळी आली. थोरले होतेच तिथं. "माझ्या फणांना कुणी हात लावला?"

"मी!" अक्का ओरडली. "नवरा माझा, त्याचे फणही माझे! घरी येऊन भांडा!"

मग पेरणी सुरू झाली. पुढं अक्का, मागं बैल, बैलांमागं निम्मं निळं यंत्र आणि निळ्या बाजूला चालत हँडल फिरवणारी धाकटी. एक दोन तीन चार, फेरा. पहिल्या चार खेपा बऱ्या गेल्या. पाचव्या खेपेला हात ताठला, फेरा उशिरा पडायला लागला. ती कळत नकळत चार पावलांऐवजी सहाला फिरवत होती. खेपेच्या शेवटी तिनं पेटीत डोकावलं, गहू जास्त उरला होता.

"परत," ती म्हणाली.

"कुठं परत? झालं की हे."

"विरळ पडलंय. ही ओळ परत."

"अगं, चार दाणे कमी पडले म्हणून कोण बघायला येतंय?"

"बांधावर बसलेत ना, ते."

ती खेप त्यांनी पुन्हा मारली. मग धाकटीनं युक्ती काढली: जाताना उजवा हात, येताना डावा, उलटं चालत. उलटं चालताना दोनदा पडली. दुपारी तळहाताची कातडी फुटली, तिनं चादरीची पट्टी मागितली. अक्का म्हणाली, सगळ्या तुझ्या भाऊजींच्या फणांना गेल्या. मग डोक्याचं फडकं फाडलं.

पहिल्या दिवशी शेताचा चौथा हिस्सा झाला. दुसऱ्या दिवशी थोडा अधिक. तिसऱ्या दिवशी पाठ वाकेना. चौथ्या दिवशी उन्हं कलायच्या आत शेवटची ओळ संपली तेव्हा धाकटी हँडल सोडायला गेली, तर बोटं उघडेनात. अक्कानं एक एक बोट धरून सोडवलं. पहिल्यांदा रडली ती अक्का. धाकटी म्हणाली, "आता रडताय? मेला बैल चार दिवस तुमच्या पायावर पाय देत होता तेव्हा नाही रडलात."

थोरले बांधावरून खाली उतरले. वाकून त्यांनी एका चरात बोट घातलं, माती बाजूला करून दाणा किती खोल गेलाय ते बघितलं. पुढच्या चरात बघितलं. मग शेताच्या मधोमध जाऊन तिथंही बघितलं. परत आले तेव्हा ते बायकोकडे न बघता धाकटीसमोर उभे राहिले. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"खोली बरोबर आहे," ते म्हणाले. "दोन बोटं."

"अडीच," धाकटी म्हणाली.

"अडीच," ते म्हणाले.

आठव्या दिवशी गहू उगवला. चार-चार ओळींचे पट्टे अगदी सारखे होते. फक्त दोन जागी, जिथं ती पडली होती, तिथं मूठभर दाटी झाली होती. त्याच आठवड्यात लेकीला मुलगी झाली. शेत कुणी कसायचं हा विषय त्यानंतर त्या दोन घरांत कधी निघाला नाही. पुढच्या वर्षी पेरणीआधी धाकटी अंगणात आली तर उजव्या चाकावर नवी साखळी चढवलेली होती, ग्रीस लावून. कुणी चढवली हे कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. आपल्या निम्म्याला रंग मात्र थोरल्यांनी शेवटपर्यंत लावू दिला नाही, आणि धाकटीनंही मागितलं नाही. आठही फण जमिनीत उतरायला लागले होते, तिला तेवढं पुष्कळ होतं.

त्या यंत्रानं तिनं आणखी चौदा पेरण्या केल्या. पंधराव्या वर्षी गव्हाच्या ओंब्या भरत असताना, एका सोमवारी सकाळी, चुलीपाशी बसल्या जागी धाकटी वारली. थोरले त्यानंतर दोन वर्षांनी, उन्हाळ्यात वारले. अक्का सगळ्यांत मागं राहिली, आणि थोरल्यांच्या नंतर चौथ्या वर्षी, थंडीत, झोपेत गेली.